विकतची हराळी

निवृत्त झालो आणि सहा महिन्यांत माझा रक्तदाब वाढला. तीस वर्षं नववी-दहावीच्या वर्गांना विज्ञान शिकवलं तेव्हा तो वाढला नाही. घरी आरामखुर्चीत बसल्यावर वाढला. खामगावातल्या आमच्या डॉक्टरांनी एक गोळी लिहून दिली, पेनाला टोपण लावलं आणि म्हणाले, "सर, बागकाम सुरू करा. मातीत हात घातला की माणसाचं मन शांत होतं." बोलताना त्यांनी दोन्ही हात टेबलावर ठेवले होते. नखं इतकी स्वच्छ होती की मला तेव्हाच शंका यायला हवी होती.

पुढच्या रविवारी मी मायला भेटायला गावी गेलो. आमचं गाव डोणगावच्या पलीकडे, मोठा रस्ता सोडून आत. बाप जाऊन बरीच वर्षं झाली होती आणि माय घरकुलात एकटी राहत होती. मी गेलो तेव्हा ती तूर पाखडत बसली होती. डॉक्टरांचा सल्ला मी तिला मोठ्या उत्साहानं सांगितला. सूप न थांबवता ती म्हणाली, "डाक्टर कधी निंदाले गेला होता काय?"

"तसं नाही माय. शास्त्रच आहे ते. मातीनं मन शांत होतं."

"मंग माह्याइतकं शांत मानूस अख्ख्या मेहकर तालुक्यात नसन," माय म्हणाली आणि सुपातला खडा उचलून दाराबाहेर फेकला.

माझी माय शांत नव्हती आणि आजही नाही. तिनं चाळीसेक वर्षं लोकांच्या वावरात निंदण केलं. निंदण म्हणजे पिकातलं तण काढणं. हातात विळा घेऊन उकिडवं बसायचं आणि तासाच्या, म्हणजे पिकाच्या ओळीच्या, या टोकापासून त्या टोकापर्यंत बसल्या बसल्या सरकत जायचं. टोक आलं की दुसरं तास धरायचं. ते वावर कधीच आमचं नसायचं. आमच्या मालकीची जमीन कुंडीत भरावी एवढीही नव्हती. संध्याकाळी माय घरी यायची तेव्हा तिच्या ओच्यात तांदुळजा असायचा, घोळ असायची. मालकाच्या पिकातलं तण म्हणून उपटलेलं आणि आमच्या कालवणाला आलेलं. त्या कालवणावर मी शिकलो. तिचा हट्ट एकच होता, पोराच्या हाताला माती लागू नये. एकदा शाळेच्या सुट्टीत मी हौसेनं तिच्या शेजारचं तास धरलं, तेव्हा तिनं विळ्याची मूठ माझ्या पाठीत घातली होती. पुढं मी मास्तर झालो. माझे हात खडूनं पांढरे झालेले पाहून तिला बरं वाटायचं. आणि आता मी तिला सांगत होतो की हाताला माती लावायची मला डॉक्टरांनी चिठ्ठी दिली आहे.

पण मी हट्टी आहे. हा गुण मला कोणाकडून आला ते सांगायची गरज नाही. मी बागेला लागलो.

आमच्या कॉलनीत बागप्रेमींचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे. त्याचे प्रमुख सिंचन खात्यातून निवृत्त झालेले अभियंता. नोकरीत असताना त्यांनी कुठं किती पाणी पोचवलं ते मला ठाऊक नाही, पण त्यांच्या गच्चीवरच्या कुंडीकुंडीला ठिबक आहे. रोज सकाळी सहाला ते जास्वंदीचा फोटो टाकतात आणि खाली लिहितात, 'आज मातीशी बोललो.' लगेच जोडलेल्या हातांची रांग लागते. मग दुसरा कोणी आपल्या जास्वंदीचा फोटो टाकतो, ती नेमकी थोडी मोठी असते, आणि साहेब तासभर गप्प राहतात. मी सकाळची गोळी घेण्याआधी हा ग्रुप उघडायचो. त्यानंतर गोळीची खरोखरच गरज लागायची.

नर्सरीवाल्यानं पहिल्याच दिवशी सांगितलं, "सर, इथली काळी माती चालत नाही. पाणी धरून ठेवते. लाल न्या." ज्या काळ्या मातीच्या कापसावर खामगावात जिनिंगचे कारखाने उभे राहिले, ती माझ्या सदाफुलीला चालत नव्हती. मी लाल मातीची पोती रिक्षात घालून घरी आणली. शेजाऱ्यानं फाटकातून विचारलं, "सिमेंट का?" मी म्हटलं, "माती." तो बराच वेळ माझ्याकडे पाहत राहिला.

मग लॉन आलं. आमच्या ग्रुपमध्ये ज्याच्या दारात लॉन नाही त्याच्या बागेला बाग म्हणत नाहीत, 'चांगला प्रयत्न' म्हणतात. नर्सरीवाल्यानं मला गवताच्या चौकोनी गाद्या दाखवल्या. "बर्मुडा आहे सर. बाहेरची." बाहेरची म्हटल्यावर मी पुढं काही विचारलं नाही. दोन माणसांनी येऊन अंगणातल्या पंधरा बाय वीस फुटांत लाल माती पसरली आणि वर त्या गाद्या अंथरल्या. दुसऱ्या दिवशी मी त्यावर अनवाणी चाललो. तळपायांना गुदगुल्या झाल्या, शांती काही वर चढली नाही. तिसऱ्या दिवशी गल्लीतलं कुत्रं लॉनवर येऊन झोपलं आणि मी दगड घेऊन त्याच्या मागं फाटकापर्यंत धावलो. साठीच्या उंबरठ्यावर मी पहिल्यांदा मुक्या जनावरावर दगड उचलला, तो बागकामामुळे.

ग्रुपनं मला स्वागताची भेट दिली. सिमेंटचं बुद्धाचं मस्तक, डोळे मिटलेले, ओठांवर हसू. वरून डोकं कापून आत माती भरलेली आणि मातीत एक गुबगुबीत पानांचं रोप. "तुम्हाला हे विशेष आवडेल," साहेब म्हणाले. आमच्या घरी सकाळी बुद्धवंदना होते हे त्यांना माहीत होतं आणि ते आपण लक्षात ठेवलं म्हणून ते स्वतःवर खूश होते. मी आभार मानले. अशा वेळी मी नेहमी आभार मानतो आणि मग दोन दिवस घरातल्यांवर चिडतो.

उन्हाळा संपता संपता गावाहून चुलतभावाचा फोन आला. मायला हातपंपावर भोवळ आली होती. कपाळाला खोक पडली होती आणि कोणी तरी पाणी भरायला आलं तेव्हा ती तिथं पडलेली दिसली. मी गाडी करून गेलो आणि तिला खामगावला घेऊन आलो. डॉक्टरांनी तपासलं आणि मला बाजूला घेऊन म्हणाले, "यांना आता एकटं ठेवू नका. पुढच्या वेळी कोणी पाणी भरायला येईलच असं नाही." या खेपेला त्यांनी मातीचं काही सांगितलं नाही.

माय आली ती एक गाठोडं घेऊन. त्यात दोन लुगडी, एक पितळी तांब्या आणि तिचा विळा. विळा कशाला आणलास विचारलं तर म्हणाली, "मंग कोनाले देऊ?" अंगणात पाय ठेवताच तिला बुद्धाचं मस्तक दिसलं. ती थांबली. वाकून पाहिलं.

"याच्या डोक्यात काऊन झाड लावलं बापा?"

"शोभेचं असतं माय."

"तुह्या डोक्यात लावलं तं चालन काय?"

त्याच दुपारी तिनं ते रोप काढून एका डब्यात लावलं, मस्तकातली माती धुऊन काढली आणि ते आतल्या खोलीत फळीवर ठेवलं. एवढं एक काम सोडलं तर मग तिनं आमच्या घरात कशालाच हात लावला नाही.

ती सोफ्याच्या कडेवर बसायची, तहसीलमध्ये नाव पुकारायची वाट पाहत बसावं तशी. अर्धी भाकर खायची. बायकोनं काही विचारलं तर "हाव" नाही तर "नाई". जी बाई गावात भांडायला लागली की तीन गल्ल्यांत ऐकू जायची, तिचा आवाज आमच्या टीव्हीच्या वर जाईना. रोज सकाळी एवढंच विचारायची, "मले गावाले कधी नेऊन घालशीन?" मला भीती वाटायला लागली होती. इथं ठेवावी तर ती डोळ्यांदेखत सुकत चालली होती. गावी सोडावी तर एखाद्या दिवशी पडायची आणि मला कळायचं ते फोनवरून. त्या दिवसांत मला दुसरं काही सुचत नव्हतं.

आणि एवढं सगळं माहीत असून मी एका सकाळी तिला म्हणालो, "माय, बागेत जरा हात चालव ना. मन रमतं."

तिनं माझ्याकडे पाहिलं. "आता पुन्हा निंदू?" म्हणाली.

मी विषय बदलला. पण नंतर माझ्या एक गोष्ट लक्षात आली. माय दुपारी पायरीवर येऊन बसायला लागली होती. लॉनकडे एकटक पाहत असायची, तासतासभर. मी बायकोला खिडकीतून दाखवलं. "बघ, हिरवळीचा परिणाम. हळूहळू होतो म्हणतात." बायको म्हणाली, "मला त्यांचं पाहणं काही शांत वाटत नाही हो." मी तिला विज्ञान समजावून सांगितलं.

आषाढात आमच्या ग्रुपचं बागदर्शन माझ्याकडे ठरलं. महिन्यातून एकदा सगळे सभासद एकाच्या घरी जातात, बाग पाहतात, पोहे खातात आणि परतताना दुसऱ्या कोणाच्या बागेची स्तुती करतात. मी आठवडाभर लॉनची कड कात्रीनं कापत होतो. गोळी वाढवून घ्यावी का असं दोनदा मनात येऊन गेलं. घरात सगळ्यांना बजावून ठेवलं होतं, मायलासुद्धा: "रविवारी पाहुणे येणार आहेत, आपली बाग पाहायला."

शनिवारी सुलतानपूरला भाचीचं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा होता. माय यायला तयार होईना. शेजारच्या बाईंना अधूनमधून डोकवायला सांगून आम्ही दोघं गेलो आणि पाचच्या सुमारास परत आलो.

फाटक उघडलं आणि मला वाटलं आपण दुसऱ्याच्या घरी आलो. अंगणात हिरवी काडी उरली नव्हती. पंधरा बाय वीस फूट उघडी, मोकळी, हातानं सारखी केलेली माती. भिंतीशी गवताचे ढीग, तेही मुळं झटकून, एकाच्या शेजारी एक लावलेले. पावसानं माती ओली होती, गाद्या अजून पुरत्या रुजल्या नव्हत्या, त्यामुळं काम सोपं गेलं असणार. कोपऱ्यात आपोआप उगवलेला तांदुळजा तेवढा शिल्लक होता. माय पायरीवर पाय पसरून बसली होती. शेजारी विळा, हातात चहाचा कप. चहा तिनं स्वतः केला होता. इतक्या दिवसांत ती पहिल्यांदा आमच्या स्वयंपाकघरात शिरली होती आणि आतून फोडणीचा वासही येत होता.

"आले का?" तिचा आवाज फाटकापर्यंत खणखणीत आला. "लय हराळी माजली होती बापा तुह्या दारात. रोज पाहू पाहू जीव जळून राह्यला होता माह्या. उद्या पाहुने येतीन, मास्तराच्या दारात हराळी पाह्यतीन, तं काय म्हनतीन? मुळासगट काढली. एक कांडी ठेवली नाई."

माझं डोकं तापलं. "माय, ते लॉन होतं! विकत आणलं होतं मी!"

"हराळी इकत?" तिनं कप खाली ठेवला.

"हराळी नाही, बर्मुडा आहे ती!"

हे बोलता बोलता मला माझाच वर्ग आठवला. हराळीचं शास्त्रीय नाव मी वर्षानुवर्षं फळ्यावर लिहिलं होतं, आणि तिलाच इंग्रजीत बर्मुडा गवत म्हणतात हेही पोरांना सांगितलं होतं. मायनं जे तण उपटत आयुष्य काढलं, ते मी पैसे मोजून घरी आणलं होतं. हे कळल्यावर माणसानं हसायला हवं होतं. मी आणखी चिडलो. आपली चूक कळल्यावर जो राग येतो तो दुसऱ्याच्या चुकीवर येणाऱ्या रागापेक्षा मोठा असतो. मी ओरडलो, "तुला कोणी सांगितलं होतं हात लावायला?"

माय उठली. गुडघ्यांवर हात टेकून, पण चटकन. पदर डोक्यावर घेतला. विळा पाठीमागं धरला. नजर खाली घातली आणि म्हणाली, "चुकलं जी. आजचा रोज कापून घ्या."

पोटच्या पोराला ती असं म्हणाली. आणि ती टोमणा मारत नव्हती. मी सात-आठ वर्षांचा असताना एका वावरात तिच्याकडून तणासोबत चार रोपं कापली गेली होती. मालक ओरडला, तेव्हा ती अशीच उठून अशीच उभी राहिली होती आणि हेच बोलली होती. मी तेव्हा तिच्या लुगड्याला धरून होतो. आता मी मालकाच्या जागेवर उभा होतो. मला लाज वाटली. सरळ सांगतो, त्याआधी आणि त्यानंतर इतकी लाज मला कधी वाटली नाही.

बायको पुढं झाली, तिनं मायचा हात धरला. "आत्याबाई, चला आत."

"मले उद्याच गावाले नेऊन घाला," माय म्हणाली. आवाज पुन्हा खाली गेला होता.

"पावसापाण्याचं कुठं जाता? दिवाळी होऊ द्या. मग हे स्वतः नेऊन सोडतील."

"दिवाळी झाली का एक दिस थांबनार नाई."

"नाही थांबवणार," बायको म्हणाली आणि माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. त्या रात्री आम्ही तांदुळज्याची भाजी खाल्ली. 

रविवारी दहाला ग्रुप आला. मी ग्रुपवर काहीच कळवलं नव्हतं, कारण काय कळवायचं ते सुचलं नव्हतं. पंधरा माणसं फाटकातून आत आली आणि उघड्या मातीसमोर उभी राहिली. मायनं हातानं सारवल्यासारखी केलेली माती, तिच्यावर बोटांच्या सरळ रेघा. मी घसा खाकरला. तेवढ्यात साहेब म्हणाले, "वा! झेन गार्डन! जपानमधल्या बौद्ध मठांत अशीच रेघा ओढलेली वाळू असते."

बाकीच्यांनी माना डोलावल्या. एका बाईंनी डोळे मिटून घेतले. दुसऱ्या एकांना लगेच शांत वाटायला लागलं. साहेबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "हे धाडस आम्हाला जमलं नसतं, सर. पण तुमच्यात ते मुळातच असतं ना, ध्यानबिन. आणि आमचा बुद्ध कुठं ठेवलात?"

माय दारात उभी होती. "घरात हाय," ती म्हणाली. "पान्यापावसात भायेर काऊन ठेवू? आन त्याच्या डोक्यातलं झाड डब्यात लावलं हाय, घेऊन जा तुमचं."

लोक पोहे खाऊन गेले. ग्रुपवर माझ्या मातीचे सतरा फोटो आले आणि आजवर कोणाच्या गुलाबालाही आले नव्हते इतके जोडलेले हात आले.

मी पायरीवर मायच्या शेजारी जाऊन बसलो. म्हटलं, "माय, काल चुकलं माझं."  तिनं मातीकडे बोट करून विचारलं, "आता हे वावर कोनाचं?"

"आपलंच."

"आपलं म्हंजे?"

"म्हणजे तुझं. तुला पाहिजे ते लाव."

"मस्करी नको करू म्हातारीची."

"नाही करत."

 मग ती अगदी हलक्या आवाजात, दुकानात महागाची वस्तू विचारावी तसं म्हणाली, "पऱ्हाटी लावू?"

कॉलनीत, मोगऱ्या-जास्वंदीच्या रांगेत, कपाशी. साहेब काय लिहितील ते मला दिसायला लागलं. मी म्हटलं, "लाव."

बियाण्याच्या दुकानदारानं विचारलं, "किती एकर?" मी म्हटलं, "पंधरा बाय वीस." "एकर?" "फूट." त्यानं पाकीट दिलं आणि चहाही पाजला. बहुधा माझी काळजी वाटली असावी. मायनं मला लाल माती उकरून बाहेर टाकायला लावली. खालची काळी माती तिनं मुठीत घेऊन दाबून पाहिली, नाकाशी नेली आणि म्हणाली, "हे बरोबर हाय." सात पऱ्हाट्या लागल्या. कडेनं भेंडी, भेंडीच्या कडेनं सांबार, म्हणजे कोथिंबीर. त्या दिवशी तिनं दीड भाकर खाल्ली. बायकोनं मला डोळ्यांनी खुणावलं, पण आम्ही काही बोललो नाही. बोललो असतो तर तिनं अर्धी परत ठेवली असती.

पंधरवड्यात तण आलं. सकाळी मी पेपर वाचत होतो तेव्हा मायनं प्लास्टिकची खुर्ची अंगणाच्या कडेला नेली, छत्री उघडली आणि तिच्याखाली बसली. मला हाक मारली. विळा माझ्या हातात दिला.

"बस."

"कुठं?"

"तासात. आन कुठं?"

"आणि तू?"

"मी धुऱ्यावर हाय."

धुरा म्हणजे वावराचा बांध. निंदण चालू असलं की मालक धुऱ्यावर छत्री घेऊन बसायचा. मायनं धुरा चाळीस वर्षं खालून पाहिला होता. मी मुकाट्यानं उकिडवा बसलो. पाच मिनिटांत कंबर बोलायला लागली, दहा मिनिटांत गुडघे. वरून मालकिणीचा आवाज चालूच होता. "हात चालव, हात. मुळी राह्यली पाह्य तिथं. पेपर वाचून राह्यला का निंदून राह्यला बे?" रस्त्यानं जाणारे साहेब फाटकाशी थांबले. मी मान वर केली नाही, निंदताना वर पाहायचं नसतं.

आणि माझ्या हातून एक पऱ्हाटी कापली गेली. विळा जरा आत गेला आणि वीतभर रोप आडवं पडलं. मी ते उचलून हातात धरलं. मायनं पाहिलं होतं. डॉक्टरांनी माझा रक्तदाब तेव्हा मोजायला हवा होता.

"ऱ्हाऊ दे," माय म्हणाली. "होते असं. पानी पे."

पुढच्या तपासणीला रक्तदाब होता तेवढाच निघाला. डॉक्टर खूश झाले. "बघा सर, वाढला नाही! बागकाम!" मी त्यांना विचारलं, निंदायला येता का. त्यांना शब्द कळला नाही.

पाऊस संपला. ग्रुपवर कपाशीच्या पिवळ्या फुलाचा फोटो मी टाकला, तेव्हा एका बाईंनी 'कुठल्या नर्सरीतून?' असं विचारलं, तेही खामगावात राहून. माय आता शेजारच्या बाईंशी भिंतीवरून भांडायला लागली होती, कारण त्यांची कोंबडी आपल्या वावरात येते. तिचा आवाज पुन्हा तीन गल्ल्यांत जायला लागला होता. पण गावाचं नाव ती काढतही नव्हती आणि विसरलीही नव्हती. दिवाळी जवळ यायला लागली तसा मी मनातून धास्तावलो. तिनं सांगितलेला दिवस मला पाठ होता. तिला थांब म्हणायचा हक्क मी त्या शनिवारी घालवून बसलो होतो.

दिवाळी झाली. दोन दिवसांनी सकाळी चुलतभावाचा फोन आला. मायचं घर त्यानं झाडून ठेवलं होतं. सोमवारी तो गाडी घेऊन खामगावच्या बाजारात येणार होता, परत जाताना मायला घेऊन जाईन म्हणाला.  मी फोन तसाच घेऊन अंगणात गेलो आणि मायच्या हातात दिला. सहा पऱ्हाट्यांवर बोंडं फुटली होती. ती कमरेला फडकं बांधून कापसासाठी ओटी करत होती. तिनं ऐकून घेतलं आणि नेहमीसारखा फोन तोंडासमोर धरून ओरडली, "आत्ता? आत्ता कशी येऊ बापा? वावर हाय ना माह्यं इथं. वेचनीले आलं."

पलीकडे तो गोंधळला असणार. "वावर? तुह्यं वावर? किती हाय मोठी माय?"

मायनं या टोकापासून त्या टोकापर्यंत एकदा पाहून घेतलं.

"हाय आपल्यापुरतं," ती म्हणाली, आणि फोन माझ्याकडे देऊन पहिलं बोंड वेचलं.